रिद्धपूरच्या बारीकसारीक गोष्टी

अमरावतीहून मोर्शीकडे निघाले की कपाशीची काळी शेते हळूहळू मागे पडतात आणि संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. मराठी भाषेच्या इतिहासात ज्या चार-दोन गावांची नावे आदराने घ्यावी लागतात, त्यांत याचा समावेश होतो. परंतु पैठण, आळंदी, देहू ही नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात; रिद्धपूर मात्र वऱ्हाडाबाहेर, आणि खरे सांगायचे तर वऱ्हाडातही, महानुभाव पंथाच्या अनुयायांखेरीज फार थोड्यांना माहीत असते.

मी तेथे प्रथम गेलो तो महाविद्यालयात शिकत असताना. ऐतिहासिक स्थळ पाहायचे म्हणजे बुरूज, तटबंदी, शिलालेख पाहायचे, अशी माझी त्या वेळची समजूत होती. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले पाहून झाले होते. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची छत्री पाहून झाली होती. रिद्धपुरास एका वृद्ध गृहस्थांनी मला गावभर हिंडवले आणि ओटे दाखवले. दगडामातीचे, पुढे चुन्याने सारवलेले, कोठे देवळात, कोठे गल्लीच्या कडेला, तर कोठे कोणाच्या भिंतीला लागून. येथे श्रीप्रभू बसले. येथे जेवले. येथे मुलांबरोबर खेळले. येथे रुसले. एका ठिकाणी तर त्यांनी, तितक्याच आदराने, श्रीप्रभू देहधर्मासाठी जात ती जागा दाखवली. मला हसू आले. ते हसले नाहीत. पुढच्या ओट्याकडे चालू लागले.

ते माझ्या हसण्यावर रागावले नाहीत, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी उमगली आणि तेव्हा मी ओशाळलो. ती का उमगली, हे सांगण्यासाठी आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांचे राज्य असताना, रिद्धपुरास गोविंदप्रभू नावाचे एक सत्पुरुष राहत असत. त्यांचा जन्म जवळच्याच काटसुरे गावी झाला. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. त्यांची राहणी लहान मुलासारखी होती. कोणाच्याही घरात शिरावे, चुलीवर काय आहे ते मागावे, मुलांत खेळावे, मध्येच रुसावे, देवळातल्या मूर्तींशी बोलावे. कोणी त्यांना वेडे म्हणत, कोणी माय-बाप म्हणत. पुष्कळदा तोच मनुष्य दोन्ही म्हणे. जातीची शिव त्यांनी मानली नाही. गावाबाहेर राहणाऱ्या मातंगांना पाणी मिळत नव्हते, तेव्हा विहीर कोठे खणावी ती जागा त्यांनी दाखवल्याची गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. वऱ्हाडात पाण्याची किंमत ज्याला ठाऊक आहे त्याला या गोष्टीची थोरवी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या गोविंदप्रभूंकडे गुजरातेतील भडोचहून एक तरुण आला. त्याचे नाव हरिपाळदेव. प्रधानाचा पुत्र, पण जुगारात हरलेला, आणि ते देणे फेडण्यासाठी पत्नीने दागिने द्यायचे नाकारल्यामुळे मनातून विटलेला. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडला आणि वाटेत रिद्धपुरास थांबला. हेच पुढचे श्रीचक्रधर. गुरू-शिष्यांच्या या भेटीत काय घडले? परंपरा सांगते की रांधवणहाटात, म्हणजे जेथे शिजवलेले अन्न विकत मिळे त्या बाजारात, गोविंदप्रभूंनी आपल्या हातातले सेंगुळे या तरुणाला प्रसाद म्हणून दिले. मंत्र नाही, होम नाही, सिंहासन नाही. बाजारात मिळणारा एक खाऊ! सेंगुळ्याचे नाव शेंगोळे म्हणून आमच्या चुलींवर अजून टिकून आहे. एका पंथाची आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मराठी गद्याची सुरुवात या खाऊपाशी झाली.

चक्रधरांनी नंतर सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतात काढली असे सांगतात. पुढे ते महाराष्ट्रभर हिंडले. त्यांच्याभोवती स्त्रिया आणि पुरुष, ब्राह्मण आणि इतर, असे सर्व प्रकारचे लोक जमले. १२७४ च्या सुमारास ते अनुयायांना सोडून उत्तरेकडे निघून गेले, असे पंथ मानतो. मागे राहिलेली मंडळी पोरकी झाली. नागदेवाचार्य, ज्यांना भटोबास म्हणत, त्यांच्यासह ही मंडळी रिद्धपुरास आली आणि म्हाताऱ्या गोविंदप्रभूंची सेवा करू लागली.

येथे म्हाइंभट हे नाव येते. हा सराळ्याचा विद्वान ब्राह्मण. विद्येचा अभिमान बाळगणारा, वाद घालायला म्हणून चक्रधरांकडे आलेला आणि शिष्य होऊन राहिलेला. रिद्धपुरास वाजेश्वरीच्या देवळात त्याने भटोबासांना स्वामींच्या आठवणी विचारायला सुरुवात केली. भटोबास सांगत आणि म्हाइंभट टिपून घेई. जे भटोबासांनी पाहिले नव्हते ते ज्यांनी पाहिले त्यांच्याकडे जाऊन तो विचारी. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर अमक्याने असे सांगितले, तमक्याने तसे, अशी नोंद करावी, पण आपल्या पदरचे घालू नये, असा हा दंडक. आज इतिहासाचे विद्यार्थी हीच पद्धत शिकण्यासाठी पदव्या घेतात. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला. तोच ‘लीळाचरित्र’. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग असून त्यांत हजारावर लीळा, म्हणजे प्रसंग, आहेत. ज्ञानेश्वरी १२९० ची धरली, तर हा ग्रंथ तिच्याही आधीचा ठरतो. पुढे गोविंदप्रभूंचेही तसेच चरित्र लिहिले गेले. त्यात तीनशेंहून अधिक लीळा आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या एकाच गावात, रिद्धपुरात, घडतात.

या ग्रंथांत आहे तरी काय? तत्त्वज्ञान आहेच, त्यासाठी पंथात ते पूज्य मानले जातात. परंतु जो वाचक तत्त्वज्ञानाच्या अपेक्षेने पान उघडतो त्याच्या हाती पहिल्याने लागते ते घरगुती जग. स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, कोणाच्या घरून काय शिजवून आले, कोण कोणावर रुसले, पाऊस आला तेव्हा काय झाले. पारध्याच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला आणि वाचला, ही एक लीळा. महदाइसा नावाची एक वृद्धा फार प्रश्न विचारते आणि स्वामी तिचे कौतुक करतात, अशा तर अनेक. बाइसा, महदाइसा, आउसा, साधे, एल्हंभट, दायंबा ही नावे वाचतानाच कोणी तरी ओसरीवरून हाका मारीत आहे असे वाटते. वाक्ये लहान, तोंडच्या बोलण्यासारखी. राजसभेत शोभावी म्हणून लिहिलेली ही भाषा नाही. तेराव्या शतकातला मराठी माणूस जेवताना, चालताना, भांडताना कसा बोलत होता, हे आज आपल्याला कळते ते या नोंदींमुळे.

बायबलच्या वाचकाला यात एक ओळखीची खूण पटेल. मार्कच्या शुभवर्तमानात वादळ उठते तेव्हा प्रभू येशू तारवाच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो. उशीचे काय एवढे महत्त्व? वादळ शांत झाले, एवढे सांगितले असते तरी भागले असते. पण कोणी तरी ती उशी पाहिली होती. पाच हजारांना जेवू घातले तेव्हा गवत हिरवे होते, हेही मार्कच सांगतो. योहानाच्या अखेरच्या अध्यायात जाळ्यात सापडलेले मासे मोजून १५३ भरतात आणि किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव असतो. लूकने तर आपल्या ग्रंथाच्या आरंभीच, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून कसून विचारपूस केली आहे, असे सांगून ठेवले आहे. माझा हेतू दोन धर्मग्रंथांची तुलना करण्याचा नाही. त्यांचे विषय, त्यांची श्रद्धा आणि त्यांचे काळ अगदी निराळे आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्याच्यावर जीव जडला त्याची उशीसुद्धा आठवते, आणि ज्याला ती आठवते त्याच्या इतर सांगण्यावरही विश्वास बसतो.

हे सगळे मराठीत का लिहिले गेले, याचीही एक गोष्ट आहे. म्हाइंभट, केशिराजबास, दामोदरपंडित ही मंडळी संस्कृतात मुरलेली होती. त्यांना संस्कृतात लिहिणे अवघड नव्हते. उलट प्रतिष्ठेचे होते. ‘स्मृतिस्थळ’ हा नागदेवाचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ. त्यात असा प्रसंग आहे की केशिराजबासांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवले. कारण त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बाया या ठेव्याला मुकल्या असत्या. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांना कोणी संस्कृतात प्रश्न विचारला, तर आपल्याला स्वामींनी मराठीतच सांगितले, तेव्हा मराठीतच विचारा, असा त्यांनी आग्रह धरला. भाषेच्या अभिमानाची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. या माणसाच्या डोळ्यांपुढे अभिमान नव्हता. ओसरीवर बसलेल्या चार म्हाताऱ्या होत्या. माझ्या मते मराठी गद्याचे पहिले धोरण हेच, आणि त्याहून चांगले धोरण पुढे कोणी आखल्याचे मला आढळलेले नाही.

त्या म्हाताऱ्यांपैकीच एक महदाइसा. रिद्धपुरास एकदा गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला. म्हाताऱ्या प्रभूंचा हा बालहट्ट शिष्यांनी मोडला नाही, लग्नाची तयारी मांडली. लग्न म्हटले की गाणी हवीत. तेव्हा महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचून म्हटले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आज तिचे नाव पाठ्यपुस्तकांत येते. आमच्या वऱ्हाडात अजूनही हळदीच्या रात्री बाया ऐनवेळी गाणी जुळवतात, व्याह्याविहिणींची नावे गुंफतात, आणि सकाळी ती विसरून जातात. फरक इतकाच, की रिद्धपुरात टिपून घेणारे कोणी होते.

आता या कहाणीचा दुःखद भाग. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. त्या धामधुमीत पंथाची मंडळी पोथ्या घेऊन रानोमाळ पांगली आणि लीळाचरित्राची मूळ पोथी वाटेत लुटली गेली. लुटणाऱ्याला ती काय कामाची? धनाची पोटली समजून त्याने ती नेली असेल आणि निराश होऊन कोठे तरी फेकली असेल. मंडळींच्या हाती ग्रंथ उरला नाही. उरली ती आठवण. हिराइसा नावाच्या स्त्रीची स्मरणशक्ती विलक्षण होती. तिच्या मुखातून ग्रंथ पुन्हा उतरवून घेण्यात आला, असे परंपरा सांगते. इतरांनीही आपापल्या आठवणीप्रमाणे पाठ सिद्ध केले. म्हणूनच आज लीळाचरित्राचे अनेक पाठ आढळतात आणि त्यांतल्या एकाला हिराइसापाठ म्हणतात. म्हाताऱ्या बायांसाठी मराठीत लिहिलेला ग्रंथ अखेर एका बाईनेच वाचवला. हा ग्रंथ संस्कृतात असता तर तिच्या ओठांवर राहिला असता काय?

त्यानंतरच्या पिढ्या फार सावध झाल्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे ‘स्थानपोथी’. स्वामी आणि प्रभू जेथे जेथे गेले, बसले, जेवले, त्या सर्व जागांची ही यादी चौदाव्या शतकातली आहे. कोणत्या देवळाचे दार पूर्वेस, कोणाचे पश्चिमेस. ओटा कोणत्या कोपऱ्यात. नदी, तळे, वेस कोणत्या दिशेस. इतकेच नव्हे, तर देहधर्माची जागा कोणत्या बाजूस होती हेही त्यात नोंदलेले आहे. तिला ‘परिश्रय’ असा सभ्य शब्द आहे. मला ज्या ओट्यापाशी हसू आले होते तो या यादीचाच भाग होता! आज पुरातत्त्व खाते स्मारकांच्या ज्या नोंदी ठेवते त्याच जातीचे हे काम, पण राजाच्या वाड्याचे नव्हे, एका सत्पुरुषाच्या रोजच्या येण्याजाण्याचे. त्या काळातील गावांची आणि देवळांची रचना समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला या पुस्तिकेइतका जवळचा साक्षीदार क्वचितच मिळेल.

दुसरी गोष्ट म्हणजे सांकेतिक लिपी. पवित्र ग्रंथ अनधिकारी हातांत पडू नयेत म्हणून त्यांनी सकळ, सुंदरी अशा लिप्या योजल्या. पोथी मराठीतच, पण अक्षरे बदललेली. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण उरलेल्या मराठी समाजापासून ते सहा शतके कुलूपबंदही राहिले. पंजाबात महानुभावांचे मठ होते आणि तेथील अनुयायी मराठी पोथ्या वाचीत. इकडे पुण्या-मुंबईच्या विद्वानांना मात्र त्या पोथ्यांचे एक अक्षर कळत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उकलली. पुढे पंथातल्या महंतांनीच पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाची महाराष्ट्राला ओळख करून दिली. ह. ना. नेने यांनी नागपुराहून लीळाचरित्र छापले. वऱ्हाडचेच सुपुत्र वि. भि. कोलते यांनी तर आयुष्य यात घालवले. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले. गोविंदप्रभूंच्या चरित्राचा ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने केलेला इंग्रजी अनुवाद १९८४ साली निघाला. रांधवणहाटातले ते सेंगुळे असे सातासमुद्रांपलीकडे गेले.

येथे आपल्या घरातले एक उदाहरण आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. पण त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जे वाचले ते हस्तलिखितांमुळे. गोव्यातून स्थलांतर करून गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्या नकला जपल्या, उपवासकाळात त्या वाचल्या, आणि १९०७ साली मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी त्यांच्या आधारे ग्रंथ पुन्हा छापला. छापखाना असूनही ग्रंथ हरवला आणि घरातल्या वाचनाने तो परत दिला. हिराइसेची बहीणच म्हणायची ती घराणी!

आणि वऱ्हाडीचे काय? डोळ्याला ‘डोया’, पाण्याला ‘पानी’, मला-तुला याऐवजी ‘मले-तुले’ म्हणणाऱ्या आमच्या बोलीला शिष्ट समाजाने बराच काळ हसण्यावारी नेले. तिची पद्धतशीर नोंद ज्या आरंभीच्या ग्रंथांत झाली त्यांत सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे स्थान मोठे आहे. त्याचा १९०५ चा सातवा खंड मराठीला वाहिलेला असून त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. ग्रिअर्सनने प्रत्येक बोलीसाठी एकच गोष्ट नमुना म्हणून निवडली होती. ती कोणती? लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला! बाप, दोन मुले, वाटणी, दुष्काळ, डुकरे, अंगठी, जोडे, मेजवानी, भावाचा रुसवा. घर, शेत आणि नाती यांचे सगळे शब्द एका गोष्टीत येतात म्हणून भाषाशास्त्राला ती सोयीची पडली. त्यामुळे वऱ्हाडी बोलीच्या पहिल्या शास्त्रशुद्ध नोंदींपैकी एक म्हणजे घराकडे परत निघालेल्या मुलाची ही गोष्ट होय. पुढे अकोल्याच्या विठ्ठल वाघांसारख्या कवींनी त्याच बोलीत कविता लिहून तिला सभागृहात मानाने बसवले, हे वाचकांना ठाऊकच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला पहिले कुलगुरू लाभले. ज्या गावात मराठी गद्य जन्मले तेथेच विद्यापीठ व्हावे, यात औचित्य आहे आणि वऱ्हाडच्या माणसाला त्याचा आनंद वाटला तर तो क्षम्य आहे. मीही त्या दिवशी पेढे वाटले. पण पेढे वाटून घरी आलो आणि जुनी टोचणी पुन्हा जागी झाली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

माझे आजोबा अकोल्याकडच्या खेड्यांत मिशनचे मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक होते. रेंगीतून किंवा पायी हिंडत, मुलांना प्रार्थना आणि अक्षरे शिकवीत. ते रोज रात्री कंदिलापाशी बसून वहीत लिहीत. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वह्या माझ्या वाट्याला आल्या. घरात शिकलेला मीच. मी त्या चाळल्या. प्रवचनांची टिपणे, प्रार्थनांचे मराठी तर्जुमे ही पाने मला मोलाची वाटली. ती फाडून मी नीट बांधून घेतली. बाकी सगळे काय? आज पाऊस. कापसाचा भाव. मूर्तिजापुरास शकुंतला दोन तास उशिरा आली, सबब मिस्सा चुकली. अमक्याच्या घरी तिफण मोडली. तमकीने दशम्या बांधून दिल्या. नाताळास कोणाच्या घरी काय केले. असल्या क्षुल्लक नोंदींच्या वह्या मी घर बदलताना रद्दीवाल्याला दिल्या. किती पैसे आले तेही आठवत नाही.

प्रवचनांची टिपणे अजून माझ्याजवळ आहेत. ती बहुतेक एका इंग्रजी पुस्तकावरून घेतलेली निघाली.

पुष्कळ वर्षांनी कोलत्यांचे लीळाचरित्र माझ्या हाती आले आणि दहा-वीस पाने वाचून होताच मी पुस्तक मिटून ठेवले. त्या ओट्यापाशी न हसणारे ते वृद्ध गृहस्थ माझ्यापुढे उभे राहिले. एका खेड्यातल्या लहानशा ख्रिस्ती समाजाचे म्हाइंभट आमच्या घरात होऊन गेले होते आणि मी त्यांची पोथी लुटणारा निघालो होतो. अमरावती धर्मप्रांत १९५५ च्या ८ मे रोजी स्थापन झाला, ही तारीख कोणत्याही संदर्भग्रंथात सापडते. त्यापूर्वीच्या वीस वर्षांत एखाद्या वस्तीतल्या सहा घरांनी नाताळ कसा केला, हे सांगणारा कागद मात्र सापडणार नाही.

माझी थोरली बहीण बडनेऱ्याला असते. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ‘बाई’ म्हणतात. लीळाचरित्रात ही हाक पानोपानी भेटते. तिने ऐंशी ओलांडली आहे. लहानपणी आजोबा लिहीत तेव्हा ती त्यांच्या मांडीला टेकून बसे, आणि लिहून झाल्यावर ते तिला वाचून दाखवीत. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेलो. नवी वही आणि दोन पेने बरोबर नेली होती. काय आठवते ते सांग, म्हटले. तिने प्रथम मान हलवली. काही आठवत नाही म्हणाली. मग चूल, मग भांडी आठवली. सराटा, गंज, उतरंड. मग एका नाताळची आदली रात्र. अनारशाचे पीठ बिघडले म्हणून आजीने ऐनवेळी करंज्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी. शेजारची हिंदू मंडळी जेवायला. त्यांपैकी कोणी कोणती गाणी म्हटली. कोणाच्या बैलाने दावे तोडले. आजोबांनी त्या रात्री वहीत काय लिहिले होते ते तिने शब्दशः म्हणून दाखवले. मी ऐकतच राहिलो. आतून सूनबाई चहा घेऊन आल्या आणि मी पेन खाली ठेवून कप उचलला. बाईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

“पयले लिवून घे बापू,” ती म्हणाली, “चहा मंग पेजो.”